आजोबांच्या मागची लॉरी

वाचकांचे प्रश्न : जुनी लष्करी वाहनं

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात ड्रायव्हर होते. त्यांचा तेव्हाचा एकच फोटो आमच्याकडे आहे, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा. एका लॉरीच्या पुढच्या कोपऱ्याशी ते उभे आहेत. मागे शाईनं 'केरन १९४१' एवढंच लिहिलंय. अक्षर आजोबांचं नाही, बहुधा आजीच्या भावाचं असावं. माझा भाऊ म्हणतो, ही अमेरिकन जीएमसी. मामा म्हणतात, जर्मनांकडून पकडलेली गाडी. लॉरीचं नाक बसकं आहे, पुढची काच विचित्र कललेली आहे. मडगार्डवर काळा चौकोन आहे, आत काहीच नाही. दारावर पांढरी चांदणी अर्धीमुर्धी दिसते. ही कोणती गाडी? आणि साल बरोबर आहे का? आजोबांची दोन 'स्टार' पदकं डब्यात आहेत, पण त्यांच्या फिती कुजून गेल्या. – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमचा फोटो आठवडाभर माझ्या टेबलावर होता. लष्कराच्या ईएमई, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेच्या वर्कशॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं गाड्या उघडल्या आणि जोडल्या. तुमच्या आजोबांच्या मागे उभी आहे त्या जातीची लॉरी मला माझ्या उस्तादांनी शिकवली. ते तिला नुसतं 'कनेडियन' म्हणायचे. फोटो पाकिटातून काढला आणि काच बघताक्षणी त्यांची आठवण झाली.

आधी ही गाडी कोणती नाही ते बघू. जीएमसीची प्रसिद्ध अडीच टनी लॉरी लांब नाकाची, तीन ॲक्सलची. मागे दोन ॲक्सल आणि त्यांवर जोडचाकं. तुमच्या फोटोत मागे एकच ॲक्सल आहे. हौद्याखाली दुसऱ्या ॲक्सलला जागाच नाही. जर्मनांची सगळ्यांत जास्त दिसणारी लॉरी म्हणजे ओपेल ब्लिट्झ. तिचंही बॉनेट लांब, आणि स्टिअरिंग डावीकडे. तुमच्या फोटोत काचेमागे स्टिअरिंगची वरची कड दिसते आहे, ती गाडीच्या उजव्या अंगाला. इथे एक शंका मनात आणायलाच हवी, ती म्हणजे फोटो उलटा छापलेला नाही ना? निगेटिव्ह पालथी पडली की डावं उजवं होतं आणि सगळा तर्क कोसळतो. म्हणून मी आजोबांच्या कोटाची बटणपट्टी आणि छातीवरच्या फितींची पट्टी पाहिली. फिती डाव्या छातीवर आहेत, जिथे असायला हव्यात तिथेच. फोटो सुलटा आहे.

आता काच. पुढच्या दोन्ही सपाट काचांची वरची कड पुढे आणि खालची कड मागे गेलेली आहे. साध्या लॉरीत हे उलटं असतं. ही ठेवण म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न लॉरीची 'केबिन क्रमांक १३'. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या कॅनडातल्या कारखान्यांनी एकाच सरकारी नमुन्यावर युद्धकाळात अशा चार लाखांच्या वर लॉऱ्या बनवल्या. मूळ मागणी ब्रिटिश युद्धखात्याच्या मापांची होती. गाडी आखूड हवी, म्हणजे जहाजात जागा कमी लागेल, आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. म्हणून नाक दाबलं गेलं आणि इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्यांशी आलं. आधीच्या ११ आणि १२ क्रमांकाच्या केबिनींमध्ये काच सरळ उभी होती आणि पाय ठेवायला जागा फार अपुरी. तेराव्या केबिनीत ड्रायव्हरला थोडी मोकळीक मिळाली. काच खाली झुकती केल्यानं ऊन तिच्यावरून आकाशाकडे चमकत नसे. वर विमान असताना ती चमक जिवावर बेतायची.

फोर्ड की जनरल मोटर्सची शेवरले, हे रेडिएटरच्या जाळीनं सांगितलं. तेराव्या केबिनीच्या फोर्डवर जाळीच्या तारा आडव्या-उभ्या असतात आणि भोकं चौकोनी दिसतात. शेवरलेवर तारा तिरक्या, भोकं पत्त्यातल्या चौकटसारखी. तुमच्या फोटोत आजोबांच्या कोपरामागे जाळीचा जेमतेम रुपयाएवढा तुकडा उघडा आहे, पण तारा तिरक्या आहेत यात मला शंका नाही. म्हणजे शेवरले. आत सहा सिलिंडरचं इंजिन. फोर्डमध्ये आठ सिलिंडरचं व्ही-एट असे. उस्ताद सांगायचे, अंधारात नुसत्या आवाजावरून कोणाची गाडी आली ते कळायचं.

किती टनी? इथे पट्टी घेऊन बसलो. फोटोत पुढच्या टायरची उंची १२ मिलिमीटर भरली, दोन ॲक्सलमधलं अंतर ४२. म्हणजे टायरच्या साडेतीन पट. या मालिकेतल्या तीन टनी गाडीला २० इंची रिमवर १०.५० मापाचा टायर असतो. त्याची उंची साधारण ४३-४४ इंच. साडेतीन पट म्हणजे १५० इंचांच्या आसपास. तीन टनी गाडी दोन लांब्यांत येत असे, ॲक्सलांमधलं अंतर १३४ इंच आणि १५८ इंच. गाडी कॅमेऱ्यासमोर तिरकी उभी आहे. तिरक्या गाडीत चाकांमधलं अंतर फोटोत आखडतं, टायरची उंची आखडत नाही. त्यामुळे खरं अंतर मोजलेल्यापेक्षा जास्तच असणार, कमी नाही. आखूड गाडी बाद झाली. उरली १५८ इंची, म्हणजे शेवरले सी-६०-एल. पुढच्या ॲक्सलवर डिफरेन्शियलचा गोळा बंपरखालून डोकावतो आहे, म्हणजे चारही चाकांना जोर. बॉनेटच्या कडेला नंबराचं पहिलं अक्षर 'एल' वाचता येतं. तेही जुळतं, कारण ब्रिटिश पद्धतीत एक टनावरच्या लॉरीला एल, त्याखालच्या ट्रकला झेड, मोटारीला एम, रुग्णवाहिकेला ए आणि रणगाडे व कॅरिअरना टी अशी अक्षरं होती. पुढचे आकडे आजोबांच्या टोपीनं झाकलेत.

आता सालाचं. हे लिहिताना मला जपून लिहायचं आहे, कारण मागचे ते दोन शब्द तुमच्या घरानं ऐंशी वर्षं सांभाळलेत. एरिट्रियातली केरनची लढाई फेब्रुवारी ते मार्च १९४१ या काळातली. २७ मार्चला केरन पडलं. तेराव्या केबिनीच्या लॉऱ्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या त्या १९४१ च्या अखेरीस. त्यामुळे ही गाडी केरनच्या लढाईत असूच शकत नाही. दारावरची चांदणी तर आणखी पुढची गोष्ट सांगते. दोस्तराष्ट्रांची ही पांढरी चांदणी ब्रिटिश आणि हिंदी सैन्याच्या गाड्यांवर सर्रास दिसू लागली ती १९४३ पासून.

म्हणून आजोबा केरनला नव्हते असं मात्र समजू नका. मी असे कितीतरी फोटो पाहिलेत. फोटो एकीकडचा असतो आणि मागचा मजकूर दुसरीकडचा. घरातल्या कुणीतरी पुढे कधीतरी, माणसाच्या तोंडून ज्या लढाईचं नाव सगळ्यांत जास्त ऐकलं, ते नाव हाताशी असलेल्या एकुलत्या एका फोटोवर लिहून ठेवलेलं असतं. केरन हे विसरण्यासारखं नाव नव्हतं. उभ्या चढणीच्या डोंगरांवर हिंदी चौथी आणि पाचवी डिव्हिजन तिथे आठवडे न् आठवडे लढली. पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीची तिसरी बटालियनही होती.

आणि इथेच तुमचा तो काळा चौकोन कामाला येतो. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांत घातली जाणारी बरीचशी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असे. तिला तांबडा रंग दिसतच नाही, तो काळा उतरतो. निळा मात्र फिकट, जवळजवळ पांढरा येतो. कोडॅकची खूप खपणारी व्हेरिक्रोम फिल्म १९५६ पर्यंत अशीच होती. तुमचा फोटो त्याच जातीचा वाटतो. आजोबांचे ओठ काळे आलेत आणि आकाश पांढरं फटक आहे. आता विचार करा, कोणत्या डिव्हिजनची खूण काळ्यावर तांबडी होती? पाचव्या हिंदी डिव्हिजनची, काळ्या चौकोनात तांबडा गोळा. आणि चौथ्या हिंदी डिव्हिजनची, काळ्या चौकोनात तांबडा गरुड. अशा फिल्मवर दोन्ही नुसते काळे चौकोन दिसतील. केरनला लढलेल्या याच दोन डिव्हिजन. त्यामुळे घरातली आठवण खोटी ठरत नाही, उलट तिला आधार मिळतो. फोटो तेवढा नंतरचा.

मग कुठला? पाचवी डिव्हिजन पुढे पूर्वेकडे आली, आराकान, इम्फाळ, ब्रह्मदेश. चौथी उत्तर आफ्रिकेतून इटलीत गेली, १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मॉन्टे कॅसिनोला लढली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ग्रीसमध्ये उतरली. आजोबांच्या अंगात कंबरेशी संपणारा जाड लोकरी कोट आहे, म्हणजे बॅटलड्रेस. ब्रह्मदेशात सैनिक हिरव्या सुती कपड्यांत असत. मागचं झाड निष्पर्ण आहे. माझं मन इटलीकडे झुकतं, पण कपड्यांवर आणि झाडावर मी शिक्का मारणार नाही. लोकरी कोट थंडी असेल तिथे घालत.

निकाल तुमच्या डब्यात आहे, ताई. फिती कुजल्या तरी हरकत नाही. त्या सहा टोकांच्या पदकांच्या मधोमध मुकुट आणि राजाची अक्षरं आहेत, आणि त्याभोवतीच्या वर्तुळात इंग्रजीत पदकाचं नाव उठवलेलं आहे. पदक घासू नका, पितळी भांड्यासारखं लखलखीत तर मुळीच करू नका. खिडकीशी धरून, उजेड बाजूनं पडेल असं तिरकं करून वाचा. 'आफ्रिका स्टार' असेल तर केरनच्या बाजूनं मोठा पुरावा झाला, कारण एरिट्रियातल्या लढाईलाही तेच पदक होतं. दुसऱ्यावर 'इटली स्टार' निघालं तर लॉरी चौथ्या डिव्हिजनची धरा. 'बर्मा स्टार' निघालं तर पाचवीची. एखादं '१९३९-४५ स्टार'ही असू शकतं. ते कुठल्याही आघाडीचं असल्यानं आपल्या कामाचं नाही. जोडीला डिस्चार्ज बुक सापडलं तर त्यात युनिटचं नाव मिळेल. फोटोच्या मागचं 'केरन १९४१' मात्र पुसू नका. शेजारी वेगळा कागद लावा आणि त्यावर लिहा, 'शेवरले सी-६०-एल, १९४३ नंतर'. पदकं वाचलीत की मला एक ओळ पाठवा, मी वाट बघतोय.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे, खाली 'मराठा पलटणीचा रणगाडा' अशी पाटी. पण या रणगाड्याला पट्टे नाहीत, चार मोठे टायर आहेत. वर छप्पर नाही, बॉनेटही नाही. लोखंडी होडीत बसावीत तशी चार माणसं आत बसली आहेत. रणगाड्याला टायर असतात का? – एक ग्रंथपाल

उत्तर : नाही, आणि ती पाटी बदलायला हवी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जे आहे ते आपल्याकडचं वाहन आहे, म्हणून मी यावर थोडं जास्त लिहितो.

याचं सरकारी नाव 'इंडियन पॅटर्न व्हील्ड कॅरिअर', म्हणजे चाकांचं चिलखती वाहक. सैनिक त्याला 'टाटानगर' म्हणत, कारण त्याचं चिलखत तिथे बनत होतं. चेसिस, इंजिन, चाकं हा सगळा सांगाडा कॅनडातून, फोर्डच्या कारखान्यांतून यायचा आणि त्यावर टाटांच्या पोलादाची पेटी चढायची. १९४० ते १९४४ या काळात अशी ४,६५५ वाहनं तयार झाली. युद्ध सुरू झालं तेव्हा चिलखती गाड्या ब्रिटनलाच पुरत नव्हत्या, हिंदी सैन्याच्या वाट्याला कुठून येणार! तेव्हा इथल्या पोलादातून ही तोड निघाली. मला या गाडीबद्दल मनापासून अभिमान वाटतो. ती उत्तर आफ्रिकेत धावली, इटलीत धावली, ब्रह्मदेशातही.

बॉनेट नाही म्हणून हा दुसरा नमुना, मार्क टू. त्याच्या चेसिसमध्ये इंजिन मागे होतं. त्यामुळे ड्रायव्हर अगदी पुढे बसे आणि तोंडाशी नुसता उतरता पत्रा. पहिल्या नमुन्यात इंजिन पुढे होतं. चिलखताची जाडी जास्तीत जास्त १४ मिलिमीटर. रायफलची गोळी थोपवायला ती पुरे, तोफेपुढे काही नाही. म्हणून याला रणगाडा म्हणणं आत बसलेल्या माणसांवरही अन्याय करणारं आहे. रणगाड्यातल्या माणसाच्या डोक्यावर पोलाद असतं. यांच्या डोक्यावर आकाश होतं, हाताशी एक ब्रेन गन ही हलकी मशिनगन आणि फार तर बॉईज ही रणगाडाविरोधी रायफल. एवढ्यावर ते शत्रू कुठे आहे ते बघायला सगळ्यांच्या पुढे जात.

पट्ट्यांचं वाहक वेगळं, त्याचं नाव युनिव्हर्सल कॅरिअर. फोटोत त्याची चाकं मोजायची. प्रत्येक बाजूला पट्ट्यात तीन चाकं असतील, एक जोडी आणि एक सुटं, तर युनिव्हर्सल किंवा त्याच्या घराण्यातलं. चार असतील तर अमेरिकेत बनलेलं टी-१६ असण्याचा संभव मोठा. सगळ्यांनाच 'ब्रेन कॅरिअर' म्हणायची सवय आहे, पण ब्रेन कॅरिअर हा त्याआधीचा नमुना. त्याच्या मागच्या भागात एकाच बाजूला माणूस बसायची चिलखती जागा होती, युनिव्हर्सलमध्ये दोन्ही बाजूंना. ही चूक मीही केली आहे. एका घरी मी घाईनं ब्रेन कॅरिअर सांगितलं, त्यांनी ते फोटोच्या चौकटीवर कोरून घेतलं. महिन्याभरानं मोठी प्रत पाहिली तेव्हा मागची दुसरी बाजू दिसली. मी पुन्हा त्या घरी गेलो, माफी मागितली आणि पाटी स्वतः बदलून दिली. तेव्हापासून मागचा भाग दिसत नसेल तर मी नाव सांगत नाही.

तुमच्या पाटीवर 'मराठा पलटण' आहे, ते कशावरून लिहिलं तेही शोधा. वाहनावरून पलटण ओळखता येत नाही. त्यासाठी गाडीवरची युनिटची रंगीत चौकट आणि तिच्यातला आकडा वाचावा लागतो, आणि तुमच्या प्रतीत तो भाग कापला गेला आहे. मूळ फोटो चौकटीतून काढून बघा. चौकटीच्या कडेखाली अर्धा-पाऊण इंच फोटो बहुतेक वेळा लपलेला असतो.

प्रश्न : वडिलांचा जीपमधला फोटो आहे. जीप दुसऱ्या महायुद्धातली आहे का, एवढंच सांगा. – एक वाचक

उत्तर : नाही. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. तुमच्या फोटोत सात आहेत. युद्धकाळातल्या विलीज आणि फोर्डच्या जीपला दाबीव पत्र्याची नऊ फटींची जाळी होती, आणि अगदी सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार विलीज जीपना पट्ट्या जोडून केलेली. शिवाय युद्धातल्या जीपचे दिवे जाळीच्या मागे दडलेले असतात, तुमच्या फोटोत ते मोठे आणि पुढे आलेले आहेत. ही युद्धानंतरची जीप. वडिलांच्या खांद्यावरची चिन्हं दिसतील असा त्याच फोटोचा मोठा स्कॅन पाठवा, निदान ६०० डीपीआयचा. मोबाइलवरून काढलेल्या फोटोत खांदा नुसता पांढरा आला आहे.